खड्डा, स्प्रिंग आणि शर्यतीची मोटार

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही प्रयोगशाळा उभी राहणार आहे, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचलेच असेल. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ साली तिला तत्त्वतः आणि २०२३ साली अंतिम मंजुरी दिली. दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीतून निघणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडण्यासाठी तेथे चार-चार किलोमीटर लांबीच्या, एकमेकींशी काटकोन करणाऱ्या दोन निर्वात नळ्या असतील आणि त्या नळ्यांत आरसे टांगलेले असतील. अमेरिकेतल्या अशाच दोन प्रयोगशाळांत १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर सापडली. तेव्हा चार किलोमीटरच्या अंतरात पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही शेकडो पटींनी लहान होता!

आता असा आरसा नुसता जमिनीवर ठेवला तर काय होईल? दूरवरून ट्रक गेला, वारा सुटला, कोठे भूकंपाचा हलका धक्का बसला, की आरसा हलणार आणि लहर शोधायची तर राहोच, सगळा गोंधळ होणार. म्हणून सुमारे ४० किलोग्रॅमचा प्रत्येक आरसा एकाखाली एक अशा चार लंबकांच्या साखळीला टांगतात. शेवटचे धागे अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक अशा काचेचे असतात. जमीन थरथरली तरी ती थरथर आरशापर्यंत पोहोचू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

मोटारीच्या लेखात आरसे कशाला, असे तुम्ही विचाराल. याला कारण आहे. लायगोचा आरसा आणि मातीच्या मैदानावर शर्यतीत धावणारी एखादी जुनी जीप, या दोघांचे शास्त्र एकच आहे. फक्त दोघांना त्या शास्त्राकडून हवे आहे ते वेगवेगळे. तो वेगळेपणा नीट समजला, की शर्यतीच्या मोटारीसाठी कोणती स्प्रिंग घ्यावी, गाडी खाली करावी की उंच, आणि हाती असलेले पैसे आधी कशावर खर्चावेत, हे प्रश्न बरेच सोपे होतात.

एक दगड आणि चार रबरी कडी

प्रथम एक प्रयोग करा. तीन-चार रबरी कडी एकमेकांत अडकवून साखळी करा आणि तिच्या टोकाला लिंबाएवढा दगड बांधा. वरचे टोक हातात धरून हात अगदी सावकाश वर-खाली करा. दगड हाताबरोबर वर-खाली होईल. आता वेग थोडा थोडा वाढवा. एका ठरावीक वेगाला दगड अंगात आल्यासारखा नाचू लागेल. हात दोन सेंटिमीटर हलला तर दगड वीस सेंटिमीटर उडेल. हेच अनुस्पंदन. त्या वेगाला त्या साखळीची नैसर्गिक वारंवारता म्हणतात. आता हात आणखी भराभर हलवा. गंमत पाहा, दगड जवळजवळ स्थिर राहतो! हात हलतो, रबर ताणते-आखडते, दगडाला मात्र त्याची खबरही नसते.

हिशेबाची आवड असलेल्यांसाठी सांगतो. नैसर्गिक वारंवारतेच्या पुष्कळ पलीकडे गेल्यावर दगडाचे हलणे हाताच्या हलण्याच्या मानाने वारंवारतांच्या गुणोत्तराच्या वर्गाइतके कमी होते. हात चौपट वेगाने हलवला तर दगड सुमारे एक सोळांश हलतो. दसपट वेगाने हलवला तर एक शतांश. असे चार लंबक एकाखाली एक टांगले, तर शतांशाचा शतांश असे चार वेळा करायचे. म्हणजे ढोबळ हिशेबाने दहा कोटींतला एक भाग. लायगोच्या टांगणीमागचे मूळ तत्त्व हेच.

मोटारीत हात म्हणजे रस्ता, रबर म्हणजे स्प्रिंग आणि दगड म्हणजे गाडीचा सांगाडा व आत बसलेले आपण. साध्या प्रवासी मोटारीची नैसर्गिक वारंवारता सेकंदाला एक ते दीड हेलकावे, म्हणजे एक ते दीड हर्ट्झ, एवढी ठेवलेली असते. चालताना आपले शरीर साधारण याच तालात वर-खाली होत असते, त्यामुळे हा ताल आपल्याला टोचत नाही. चार ते आठ हर्ट्झची थरथर मात्र पोट आणि पाठीला फार त्रास देते; बैलगाडीत बसून जो दगडी रस्त्याने गेला आहे त्याला हे सांगायला नको.

तुमच्या गाडीची वारंवारता मोजा

ही वारंवारता मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. स्प्रिंग गाडीच्या वजनाने किती सेंटिमीटर दबली आहे ते कळले, की ५ ला त्या आकड्याच्या वर्गमुळाने भागायचे. आलेले उत्तर हर्ट्झमध्ये असते. स्प्रिंग २५ सेंमी. दबली असेल तर १ हर्ट्झ, सव्वासहा सेंमी. दबली असेल तर २ हर्ट्झ. (हे सूत्र कोठून आले ते तुमच्या भौतिकीच्या सरांना किंवा बाईंना विचारा. त्यात गुरुत्व त्वरण दडलेले आहे.)

पण दबलेली स्प्रिंग मोजायची कशी? गाडी सपाट जागी उभी करा. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही चाकांशी मोजून ठेवा. आता वजन माहीत असलेले चार मित्र गाडीच्या मधल्या भागात बसवा, गाडी एकदा हलवून सोडा आणि पुन्हा मोजा. समजा, चौघांचे मिळून वजन २०० किग्रॅ. आणि गाडी सरासरी सव्वादोन सेंमी. खाली गेली. म्हणजे एक सेंमी. दाबायला सुमारे ८९ किग्रॅ. लागले. गाडीचे वजन १,००० किग्रॅ. असेल तर ती स्वतःच्या वजनाने सुमारे सव्वाअकरा सेंमी. दबलेली आहे आणि तिची वारंवारता आली दीड हर्ट्झ. चाके आणि आस स्प्रिंगच्या खाली असतात, तेव्हा खरे तर त्यांचे वजन वगळायला हवे. पण पहिल्या अंदाजाला एवढे पुरते. जमिनीपासून न मोजता चाकाच्या मध्यापासून मोजायचे, कारण टायरही थोडा दबतो आणि तो वेगळा हिशेब आहे.

आता या आकड्याचा उपयोग पाहा. मराठवाड्यातली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रस्ता चांगला केलेला नसेल तर थोड्याच काळात त्याला लाटा येतात. समजा, अशा दोन लाटांमध्ये पाच मीटर अंतर आहे. ताशी ३६ किमी. म्हणजे सेकंदाला १० मीटर. त्या वेगाने जाणाऱ्या गाडीला सेकंदाला दोन धक्के बसतील. गाडीची वारंवारता नेमकी २ हर्ट्झ असेल तर ती आपल्या दगडासारखी नाचू लागेल! दीड हर्ट्झवाली गाडी २७ च्या वेगाला नाचेल आणि ३६ ला बरीच शांत होईल. तेव्हा ‘कडक स्प्रिंग म्हणजे चांगली शर्यतीची स्प्रिंग’ हे गॅरेजमध्ये ऐकू येणारे वाक्य कोणत्या रस्त्यासाठी म्हटले आहे, ते आधी विचारावे.

आरशाने विसरावे, चाकाने विसरू नये

येथे आरसा आणि मोटार यांच्या वाटा वेगळ्या होतात. आरशाने जमीन साफ विसरावी, ही शास्त्रज्ञांची इच्छा. प्रवासी मोटारीत बसलेल्या आजींचीही तीच इच्छा. परंतु शर्यतीच्या मोटारीला वळायचे असते, थांबायचे असते, वेग घ्यायचा असतो. आणि ही तिन्ही कामे तळहाताएवढ्या चार जागांतून होतात, जेथे टायर जमिनीला टेकतो. चाक हवेत असेल तोवर गाडी चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग आहे, पण गाडी नाही. सांगाड्याने रस्ता विसरला तरी चालेल, चाकाने क्षणभरही विसरता कामा नये.

चाकालाही स्वतःची एक वारंवारता असते. खाली टायरची हवा आणि वर स्प्रिंग, यांच्या मध्ये सापडलेले चाक सेकंदाला दहा ते पंधरा वेळा उड्या मारू शकते. मुरमाच्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या बारीक लाटा तुम्ही पाहिल्या असतील. त्या साठ सेंमी. अंतरावर असतील, तर ताशी २७ किमी. वेगाला चाकाला सेकंदाला साडेबारा धक्के बसतात. सांगाडा त्या वेळी मजेत असतो. चाक मात्र जमिनीवर कमी आणि हवेत जास्त. अशा ठिकाणी गाडी वळवू पाहिली तर ती सरळच जाते. चाक जितके हलके, तितके ते जमिनीवर लवकर परत येते. म्हणून दिखाऊ, मोठ्या, जड चकत्या बसवून गाडी शर्यतीची होत नाही.

चाकाला आणि सांगाड्याला नाचू न देण्याचे काम शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे. आपल्याकडे मिस्त्री त्याला ‘शॉकअप’ म्हणतात. त्याचे मूळ नाव मात्र फसवे आहे. धक्का सोसते ती स्प्रिंग. शॉकअप धक्क्यानंतरचे हेलकावे मारतो. तुमचा मघाचा दगड पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून हात हलवून पाहा. नाचणे एकदम कमी होईल. गोडेतेलात आणखी कमी. शॉकअपमध्येही तेल असते आणि दट्ट्याला बारीक छिद्रे. तेल छिद्रांतून जबरदस्तीने ढकलले जाते, हेलकाव्याची ऊर्जा उष्णतेत बदलते आणि शॉकअप गरम होतो. खराब रस्त्याने अर्धा तास गाडी पिटाळल्यावर तो हात भाजेल इतका तापलेला असू शकतो. फार तापला की तेल पातळ होते, त्यात हवा मिसळली की फेस होतो, आणि फेसाला अडवण्याची ताकद नसते. यासाठी शर्यतीच्या शॉकअपमध्ये तेलावर नायट्रोजन वायूचा दाब ठेवतात. शॉकअप निवडताना हा गुण पाहावा. वरचा रंग लाल आहे की पिवळा हे पाहू नये.

स्प्रिंग बदलली की शॉकअपही बदलावा लागतो, हे पुष्कळजण विसरतात. उदाहरण घेऊ. १९८५ साली बाजारात आलेली मारुती जिप्सी ही आपल्याकडच्या हौशी शर्यतवाल्यांची फार आवडती गाडी. तिचे उत्पादन आता थांबले आहे, तरी जुन्या जिप्सी अजून धावतात. तिला पुढे-मागे ट्रकसारखे पाटे असतात. समजा, कोणी पाट्यांत एक पाटा वाढवून स्प्रिंग दीडपट कडक केली. सव्वाअकरा सेंमी.ची दबणूक साडेसातवर आली, वारंवारता दीडवरून १.८ हर्ट्झच्या वर गेली. हेलकावे मारायला लागणारी तेलाची अडवणूक स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. म्हणजे जुना शॉकअप आता सुमारे एक पंचमांशाने कमी पडणार. गाडी कडकही झाली आणि उड्याही मारू लागली! शिवाय पाटे एकमेकांवर घासतात. ते घर्षण तेलासारखे वेगाप्रमाणे बदलत नाही. लहान धक्क्याला ते पाटा हलूच देत नाही. पाटे वाढवण्यापेक्षा आहेत ते साफ करून, गंजलेले बदलून, चांगले वायुदाबाचे शॉकअप बसवणे हा माझ्या मते अधिक शहाणपणाचा आणि बहुधा स्वस्तातला मार्ग आहे.

शॉकअप फार कडकही नको. चाक खाली जातानाची अडवणूक अति झाली, तर एका खड्ड्यात उतरलेले चाक पुढचा उंचवटा येईपर्यंत पुरते खाली येत नाही. धक्क्यामागून धक्के आले की गाडी हळूहळू खाली खाली बसत जाते आणि शेवटी स्प्रिंगला हलायला जागाच उरत नाही.

ही जागा मातीच्या शर्यतीत सोन्यासारखी. गाडी एखाद्या उंचवट्यावरून उडून ३० सेंमी. खाली आदळली असे समजा. चाक वर जायला १५ सेंमी. जागा असेल, तर गाडी थांबवताना सरासरी मंदन गुरुत्व त्वरणाच्या दुप्पट येते. जागा तीनच सेंमी. असेल तर दसपट! पहिल्या गाडीत चालकाच्या तोंडून ‘हं’ निघेल, दुसऱ्या गाडीत मणक्यातून कळ निघेल.

गाडी खाली करावी का?

डांबरी वर्तुळमार्गावरच्या शर्यतीच्या मोटारी जमिनीलगत असतात, हे पाहून हौशी मंडळी स्प्रिंगच कापतात. खाली केल्याने नेमके काय होते? गाडी वळते तेव्हा आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. किती जातो, हे चार गोष्टींवर ठरते: गाडीचे वजन, वळण्याचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांतले अंतर. पहिल्या तिघांचा गुणाकार करून चौथ्याने भागायचे. समजा, १,००० किग्रॅ.ची गाडी आहे, गुरुत्वमध्य ६५ सेंमी. उंच आहे, चाकांत १३० सेंमी. अंतर आहे आणि ती गुरुत्व त्वरणाच्या निम्म्या जोराने वळते आहे. २५० किग्रॅ. भार बाहेर गेला. दोन्ही बाजूंना पाचशे-पाचशे होता, तो आत २५० आणि बाहेर ७५० झाला.

या सूत्रात स्प्रिंगचा कडकपणा कोठेच नाही, हे तुमच्या ध्यानात आले का? कडक स्प्रिंग लावली तर गाडी कमी कलते. बाहेर जाणारा एकूण भार मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. स्प्रिंग आणि डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आडवा दांडा एवढेच ठरवतात, की त्या २५० पैकी किती पुढच्या चाकांनी सोसायचा आणि किती मागच्यांनी. टायरवर भार दुप्पट केला तरी त्याची पकड दुपटीपेक्षा कमीच वाढते. म्हणून ज्या टोकाला जास्त भार ढकलाल, ते टोक आधी घसरेल. पुढचा दांडा जाड केला तर गाडी वळायला नाखूश होते आणि मागचा जाड केला तर शेपूट फिरवते. नवशिक्याला पहिली गाडी बरी.

उंची पाच सेंमी. कमी केली तर २५० चे २३१ होतात. फायदा आहे, पण त्यासाठी पाच सेंमी. हालचालीची जागा गेली, आणि ती मघाशी आपण सोन्याच्या भावाने तोलली होती. मातीत गाडी खाली करू नये. चाकांतले अंतर थोडे वाढवता आले आणि नियमात बसले, तर ते अधिक चांगले.

आता उलटण्याचे पाहू. चाकांतल्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले, तर आपल्या गाडीचे उत्तर बरोबर १ येते. म्हणजे ती उलटायला वळण्याचा जोर गुरुत्व त्वरणाएवढा व्हावा लागेल. मोकळ्या मातीत टायरची पकड तेवढी नसतेच. गाडी उलटण्याआधी घसरते. मग मैदानात गाड्या उलटतात कशा? घसरता घसरता चाक बांधाला, चारीला किंवा रुतलेल्या दगडाला अडते, आणि वरची गाडी तशीच पुढे जाते. पायात काठी आल्यावर माणूस पडतो तसे. शर्यतीच्या मैदानाची कड बांध, चर आणि माणसे यांच्यापासून दूर ठेवतात ती यासाठी. आणि पुढचा सगळा भाग यासाठीच लिहायचा आहे.

चौथ्या मजल्यावरून

ताशी ६० किमी. हा आकडा शर्यतीत कोणालाच मोठा वाटत नाही. पण तेवढाच वेग सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चौथ्या मजल्याच्या गच्चीवरून पडलेल्या वस्तूला जमिनीवर येताना मिळतो. या वेगाने गाडी झाडावर आदळली आणि तिचे नाक ६० सेंमी. चुरडले, तर गाडीचे सरासरी मंदन गुरुत्व त्वरणाच्या सुमारे २४ पट येते. पट्टा बांधलेला चालक गाडीबरोबर थांबतो. पट्टा न बांधलेला चालक ताशी ६० च्याच वेगाने पुढे जातो आणि स्टिअरिंगवर समजा पाच सेंमी.त थांबतो. त्याचा आकडा येतो २८० च्या वर.

माणूस किती सोसू शकतो? अमेरिकन वायुसेनेतले डॉक्टर जॉन स्टॅप यांनी हे स्वतःवरच पाहिले. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतल्या हॉलोमन तळावर रॉकेटच्या घसरगाडीवर स्वतःला पट्ट्यांनी जखडून घेऊन ते ताशी १,००० किमी.हून अधिक वेगाने गेले आणि दीड सेकंदाच्या आत थांबले. कमाल मंदन गुरुत्व त्वरणाच्या ४६ पट होते. डोळ्यांत रक्त उतरले, काही काळ दिसेना. पण ते वाचले आणि पुढे ८९ वर्षांचे होऊन १९९९ साली वारले. २४ पट सोसता येते, २८० पट नाही, आणि मधला फरक आहे चार बोटे रुंदीच्या विणलेल्या पट्टीचा.

रोजच्या मोटारीतला खांदा व कमर धरणारा पट्टा व्होल्वो कंपनीतले स्वीडिश अभियंते निल्स बोहलिन यांनी १९५९ साली तयार केला. शर्यतीत पाच किंवा सहा टोकांचा पट्टा लागतो: दोन खांद्यांवर, दोन कमरेला आणि एक-दोन मांड्यांमधून. मांड्यांमधला पट्टा नसेल तर धडकेत माणूस कमरपट्ट्याखालून पुढे सरकतो आणि पट्टा ओटीपोटात रुततो. कमरपट्टा नेहमी कटीच्या हाडावर बसला पाहिजे, पोटावर नव्हे. खांद्यांचे पट्टे मागे साधारण खांद्यांच्याच पातळीत किंवा किंचित खाली बांधायचे. ते सीटमागून सरळ तळाला बांधले, तर धडकेच्या वेळी तेच मणक्याला वरून खाली दाबतात. पट्टा चांगला आणि बांधणी चुकीची, असा हा प्रकार दिसायला क्षुल्लक असतो.

धड पट्ट्यांनी घट्ट बांधले की एक नवाच धोका उभा राहतो. डोके मोकळेच असते! डोके आणि हेल्मेट मिळून साडेसहा किग्रॅ. धरले, तर ५० पट मंदनाला मानेवर सव्वातीनशे किग्रॅ.चा ताण येतो. कवटीच्या तळाचे हाड यात मोडते. अमेरिकेतले जीवयांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, शर्यतीचे चालक जिम डाउनिंग यांनी १९८० च्या दशकात यावर उपाय काढला: खांद्यांच्या पट्ट्यांखाली बसणारी एक ताठ कॉलर आणि तिच्यापासून हेल्मेटला जाणाऱ्या दोन दोऱ्या. ‘हॅन्स’ या नावाने ती ओळखली जाते. बरीच वर्षे चालक तिला हसत होते. २००१ साली डेटोनाच्या शर्यतीत डेल अर्नहार्ट हा अमेरिकेतला नावाजलेला चालक कवटीचा तळ मोडून मेला, आणि हसणे थांबले. फॉर्म्युला वन शर्यतींत २००३ पासून ती सक्तीची आहे.

हेल्मेटही कोणते घ्यावे, हे पाहा. आय.एस. ४१५१ हे मानक दुचाकीच्या हेल्मेटचे आहे आणि रस्त्यावर ते हवेच. मोटार शर्यतीच्या हेल्मेटची आणखी दोन परीक्षा होतात: आतले अस्तर आगीत पेट घेते का, आणि पोलादी नळीवर आपटल्यावर ते टिकते का. ही परीक्षा घेणारी स्नेल संस्था १९५७ साली स्थापन झाली, ती १९५६ मध्ये शर्यतीत डोक्याला मार लागून मरण पावलेल्या विल्यम स्नेल यांच्या नावाने.

आता पिंजरा. गाडी उलटल्यावर टप चालकाच्या डोक्यावर चेपू नये, म्हणून आत पोलादी नळ्यांचा सांगाडा बसवतात. नळीच का? २५ मिमी. बाहेरचा व्यास आणि ३ मिमी. जाडी असलेली नळी घ्या, आणि तेवढ्याच पोलादाची भरीव सळई करा. सळईचा व्यास सव्वासोळा मिमी. भरेल. वाकण्याला होणारा विरोध मोजला, तर नळी सळईच्या सुमारे पावणेचारपट भरते. वजन एकच! वेळूला हे गणित फार पूर्वीपासून ठाऊक आहे. नळ्यांची जुळणी त्रिकोणात करायची, कारण चौकोन दाबला की तिरपा होतो, त्रिकोण होत नाही. काड्यापेटीच्या काड्या आणि टाचण्या घेऊन हे दोन मिनिटांत पाहता येईल. नळी मात्र शिवण नसलेली, ठरावीक प्रतीच्या पोलादाची हवी. नळाचा जस्त चढवलेला पाइप वापरून खिडकीच्या गजांसारखा केलेला पिंजरा उलटल्यावर मोडतो आणि मोडलेले टोक आतच येते.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पिंजरा बसवलेली गाडी रोजच्या रस्त्यावर वापरणे धोक्याचे आहे. हेल्मेट नसलेले डोके आणि पोलादी नळी यांच्यात चार बोटांचे अंतर असते. साध्या धडकेतही डोके तिच्यावर आपटते. शिवाय नोंदणी झालेल्या वाहनाच्या मूळ रचनेत मनाजोगता बदल करायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते. शर्यतीची गाडी शर्यतीलाच ठेवावी आणि ट्रकवर घालून मैदानावर न्यावी.

एवढे सगळे घ्यायला पैसे पुरणार नाहीत, हे उघड आहे. मग क्रम कसा लावावा? मी असा लावीन. आधी ब्रेक आणि टायर, कारण धडक टळली तर बाकीचे लागतच नाही. मग हेल्मेट, सीट, पट्टे, पिंजरा व हॅन्स कॉलर. ही पाचही एकदम, कारण यांतले एक नसले तर दुसरे अपुरे किंवा चक्क घातक ठरते. त्यांच्याबरोबर अग्निशामक आणि आतून-बाहेरून विजेचा प्रवाह तोडणारी कळ. नंतर शॉकअप. नंतर स्प्रिंग. इंजिनाची ताकद वाढवायचा विचार यानंतर पैसे उरले तर. बहुतेक हौशी चालक ही यादी खालून वर वाचतात.

इंजिन सर्वांना सारखेच

घरात जुनी जिप्सी नसलेल्या विद्यार्थ्यालाही हे शास्त्र हाताने करून पाहण्याची वाट आहे. ‘बाहा एस.ए.ई. इंडिया’ ही अभियांत्रिकी महाविद्यालयांची स्पर्धा २००७ साली सुरू झाली आणि मध्य प्रदेशात पिथमपूर येथे अनेक वर्षे भरली. महाराष्ट्रातल्या पुष्कळ महाविद्यालयांचे संघ तिच्यात उतरतात. विद्यार्थ्यांनी एक आसनाची, खडकाळ जमिनीवर धावणारी गाडी स्वतः बांधायची. मूळ स्पर्धेत सर्व संघांना एकाच प्रकारचे सुमारे दहा अश्वशक्तीचे इंजिन असते आणि त्याला हात लावायला बंदी. म्हणजे जिंकायचे ते स्प्रिंग, शॉकअप, वजन आणि चिकाटी यांच्या बळावर. (वर नळीचे माप २५ आणि ३ मिमी. घेतले, ते मी याच स्पर्धेच्या नियमांतून उचलले. नियमात नळीच्या पोलादातले कार्बनचे प्रमाणही दिलेले असते: किमान ०.१८ टक्के.)

शर्यतीआधी तपासनीस गाडी उलटसुलट करून पाहतात. सांधे ठोकतात, पट्ट्यांवरची मुदत वाचतात, प्रवाह तोडणारी कळ दाबून इंजिन खरेच बंद पडते का पाहतात. त्यानंतर चालकाने सगळा जामानिमा करून, हेल्मेट घालून, पट्टे आवळून आत बसायचे. तपासनीस घड्याळाची कळ दाबतो. पट्टे सोडून, स्टिअरिंग चुकवून, पिंजऱ्यातून अंग काढून दोन्ही पाय जमिनीवर यायला पाच सेकंद मिळतात. सहावा सेकंद लागला तर गाडी शर्यतीत उतरत नाही, मग तिची स्प्रिंग कितीही चांगली असो.